सात मंडळ्यांना पत्रे

सात मंडळ्यांना पत्रे ही बायबलच्या नव्या करारातील 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत आलेली सात संक्षिप्त पत्रे होत. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात नगरांतील ख्रिस्ती मंडळ्यांना ती उद्देशून आहेत. पुस्तकातील कथनानुसार पात्म बेटावर असताना योहानाला येशू ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि त्याच्या आज्ञेवरून योहानाने ही पत्रे लिहिली.

सात मंडळ्यांपैकी स्मुर्णा व फिलदेल्फिया या दोघींनाच एकही दोष दिलेला नाही. यांपैकी पहिली दरिद्री व दुसरी अल्पशक्ती असल्याचे पत्रांतच म्हटले आहे. याउलट स्वतःला संपन्न समजणाऱ्या लावदिकीयाच्या वाट्याला प्रशंसेचा एकही शब्द आलेला नाही. मंडळीची पारख तिची संख्या, संपत्ती वा लौकिक यांवरून न करता तिची कृत्ये, निष्ठा आणि प्रीती यांवरून करावी, हे या पत्रांचे मध्यवर्ती सूत्र मानले जाते. अल्पसंख्य ख्रिस्ती समाजांच्या दृष्टीने हे सूत्र विशेष महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील, विशेषतः वाशीम जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील, लहान मंडळ्यांची परिस्थिती या पत्रांशी ताडून पाहता येते.

## पार्श्वभूमी

दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक इरेनियस याच्या मते, प्रकटीकरणातील दर्शन रोमन सम्राट डोमिशियन (कारकीर्द इ.स. ८१ ते ९६) याच्या राजवटीच्या अखेरीस झाले. त्यावरून बहुतेक अभ्यासक या पुस्तकाचा काळ इ.स. ९५ च्या सुमाराचा मानतात. काही अभ्यासक मात्र तो नीरोच्या मृत्यूनंतरच्या काळापर्यंत, इ.स. ६८–६९ पर्यंत, मागे नेतात. लेखक योहान हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक होता, अशी पारंपरिक समजूत आहे. आधुनिक अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत.

आशिया प्रांत हा साम्राज्यातील समृद्ध प्रांतांपैकी एक होता. येथील नगरांत ग्रीक देवदेवतांच्या मंदिरांबरोबरच रोम आणि सम्राट यांच्या पूजेची मंदिरेही होती. ही पूजा हा केवळ धार्मिक विधी नव्हता. ती राजनिष्ठेची खूण समजली जाई. ती टाळणाऱ्यांविषयी संशय उत्पन्न होई. इ.स. ११२ च्या सुमारास शेजारच्या बिथिनिया-पोंतस प्रांताचा शासक प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रावरून या संशयाचे स्वरूप कळते. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्या लोकांनी सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करून ख्रिस्ताला दूषण दिले, तर तो त्यांना सोडून देत असे.

या नगरांतील ख्रिस्ती मंडळ्या लहान होत्या. त्यांना स्वतंत्र इमारती नव्हत्या; उपासना घरांतून होई. पत्रे उपासनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखविली जात. एका मंडळीचे पत्र दुसरीनेही वाचावे, असा प्रघात आधीच पडला होता. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात ते पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवावे, अशी सूचना आहे. म्हणून ही सात पत्रे सात नगरांना असली तरी प्रत्येक मंडळीने इतर सहा मंडळ्यांची प्रशंसा आणि दोषही ऐकले असणार.

## नगरे आणि स्थाने

पत्रांचा क्रम नगरांच्या भौगोलिक क्रमाशी जुळतो. इफिस बंदरापासून उत्तरेस स्मुर्णा व पर्गम, तेथून आग्नेयेकडे वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि शेवटी लावदिकीया, असा हा मार्ग आहे. पत्रे घेऊन जाणारा दूत याच रस्त्याने गेला असावा, असे मत विल्यम रॅमसे यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

| मंडळी | प्रकटीकरणातील स्थान | आजचे ठिकाण |
|---|---|---|
| इफिस | २:१–७ | सेल्चुकजवळ |
| स्मुर्णा | २:८–११ | इझमीर |
| पर्गम | २:१२–१७ | बेरगामा |
| थुवतीरा | २:१८–२९ | आखिसार |
| सार्दीस | ३:१–६ | सार्त |
| फिलदेल्फिया | ३:७–१३ | आलाशेहिर |
| लावदिकीया | ३:१४–२२ | देनिझलीजवळ |

## रचना

सातही पत्रांचा साचा जवळजवळ सारखा आहे. आरंभी मंडळीच्या 'दूता'ला संबोधन असते. हा दूत म्हणजे स्वर्गीय दूत की मंडळीचा पुढारी, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. त्यानंतर पहिल्या अध्यायातील दर्शनामधील एखादा तपशील घेऊन ख्रिस्ताचे वर्णन येते. पुढे मंडळीची स्थिती आपल्याला ठाऊक आहे, असे विधान, मग प्रशंसा, दोष, पश्चात्तापाचे आवाहन, ऐकण्याची सूचना आणि विजय मिळविणाऱ्यास दिलेले वचन, असे भाग असतात. पहिल्या तीन पत्रांत ऐकण्याची सूचना वचनाच्या आधी येते, तर उरलेल्या चारांत ती शेवटी येते.

साच्यातील अपवाद हेच अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. स्मुर्णा व फिलदेल्फिया यांच्या पत्रांत दोषाचा भाग नाही. लावदिकीयाच्या पत्रात प्रशंसेचा भाग नाही. सार्दीसच्या पत्राचा आरंभच दोषाने होतो; तेथील मोजक्या माणसांची प्रशंसा नंतर येते.

## पत्रांचा आशय

### इफिस

इफिस हे प्रांतातील सर्वांत मोठे नगर व बंदर होते. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणले गेलेले अर्तमी देवीचे मंदिर येथेच होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार पौलाने या नगरात सुमारे तीन वर्षे काम केले. देवीचे रुपेरी देव्हारे बनविणाऱ्या कारागिरांनी त्याच्याविरुद्ध दंगल केल्याची हकीकतही त्याच पुस्तकात आहे.

या मंडळीचे श्रम, धीर आणि खोट्या प्रेषितांना ओळखण्याची दक्षता यांची पत्रात प्रशंसा केली आहे. मात्र तिने आपली पहिली प्रीती सोडली, असा तिच्यावर ठपका आहे. ही प्रीती ख्रिस्तावरची की परस्परांवरची, याची चर्चा टीकाकारांनी केली आहे. बहुतेकांच्या मते ती दोन्ही असावी. मताची शुद्धता राखताना माणसाविषयीची माया आटते, हा धोका येथे दाखविला आहे. पश्चात्ताप न केल्यास मंडळीची समई तिच्या जागेवरून काढली जाईल, असा इशारा दिला आहे.

### स्मुर्णा

स्मुर्णा हे रोमशी जुने सख्य असलेले सुंदर बंदर होते. तेथील ख्रिस्ती लोक मात्र गरीब होते. ते दरिद्री असूनही धनवान आहेत, असे पत्र सांगते. त्यांच्यापैकी काहींना तुरुंगवास घडेल, हेही ते लपवीत नाही. संकट टळेल असे आश्वासन या पत्रात नाही; मरेपर्यंत विश्वासू राहणाऱ्यास जीवनाचा मुकुट मिळेल, असे वचन आहे. या मंडळीचा बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास, ख्रिस्ताला नाकारण्याचे नाकारल्यामुळे, देहदंड झाला.

### पर्गम

पर्गम ही पूर्वीच्या अत्तलिद राजांची राजधानी होती. इ.स.पूर्व २९ मध्ये रोम व सम्राट ऑगस्टस यांच्या पूजेच्या मंदिरास येथे परवानगी मिळाली. प्रांतातील सम्राटपूजेचे हे पहिले मोठे केंद्र होय. झ्यूसची भव्य वेदीही येथेच होती. तिचे अवशेष आता बर्लिनमध्ये आहेत. पत्रात या नगराचा उल्लेख सैतानाचे आसन असा येतो. तो सम्राटपूजेस, झ्यूसच्या वेदीस की अन्य दैवताच्या पूजेस उद्देशून आहे, याविषयी भिन्न मते आहेत.

येथील अंतिपा नावाच्या साक्षीदाराला ठार मारण्यात आले, तरी मंडळीने ख्रिस्ताचे नाव सोडले नाही. बाहेरच्या दडपणाला ती पुरून उरली. तडजोड आतून शिरली. मूर्तीला वाहिलेले अन्न खाण्यास हरकत नाही, असे शिकविणारे लोक तिच्यात होते. पत्रात त्यांची तुलना जुन्या करारातील बलामाशी केली आहे.

### थुवतीरा

थुवतीरा हे सातांतील तुलनेने सामान्य नगर होते, पण सर्वांत मोठे पत्र त्याच्याच मंडळीला आहे. शिलालेखांवरून येथे विणकर, रंगारी, चर्मकार, कुंभार, तांबट अशा कारागिरांचे संघ असल्याचे दिसते. फिलिप्पै येथे पौलाचे प्रवचन ऐकणारी जांभळ्या वस्त्रांची व्यापारी लुदिया ही याच नगराची होती.

संघांची सामुदायिक भोजने दैवताच्या नावाने होत. संघाबाहेर राहिल्यास धंदा चालविणे कठीण आणि आत राहिल्यास भोजनात सहभाग अटळ, असा पेच ख्रिस्ती कारागिरापुढे होता. मंडळीतील एक प्रभावी स्त्री अशा सहभागाला मोकळीक देत असे. पत्रात तिला ईजबेल हे प्रतीकात्मक नाव दिले आहे. येथील टीका तिच्या शिकवणुकीवर आहे. संदेश देणारी व्यक्ती स्त्री आहे यावर नाही. नव्या करारात अन्यत्र संदेश देणाऱ्या स्त्रियांचा आदराने उल्लेख आहे. या मंडळीची प्रीती, विश्वास, सेवा आणि धीर यांची पत्रात मनापासून प्रशंसा केली आहे. इफिसची प्रीती ओसरत होती, तर थुवतीराची कृत्ये पूर्वीपेक्षा वाढत होती, असा विरोध येथे दिसतो.

### सार्दीस

सार्दीस ही लुदिया राज्याची प्राचीन राजधानी होती. क्रीसस राजाच्या संपत्तीच्या कथा प्रसिद्ध आहेत. उंच कड्यावरील तिचा किल्ला अजिंक्य मानला जाई; तरी पहारा नसलेल्या बाजूने चढून तो दोनदा घेण्यात आला, एकदा इ.स.पूर्व सहाव्या शतकात इराणच्या सायरसच्या सैन्याने आणि पुन्हा इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात तिसऱ्या अँटिओकसच्या सैन्याने. जागे राहा, नाहीतर चोरासारखा येईन, हा या पत्रातील इशारा त्या इतिहासाला धरून आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. ही मंडळी जिवंत असल्याचा लौकिक आहे, पण ती मृत आहे, असे पत्र म्हणते. येथे छळाचा किंवा खोट्या शिकवणुकीचा उल्लेख नाही. लौकिकावर विसंबणे हाच तिचा दोष आहे.

### फिलदेल्फिया

या नगराच्या नावाचा अर्थ बंधुप्रेम असा आहे. इ.स. १७ च्या भूकंपात त्याची मोठी हानी झाली. भूकंपाच्या भयामुळे बरेच लोक गावाबाहेर शेतशिवारात राहत, असे भूगोलकार स्ट्रेबो याने नोंदविले आहे. विजय मिळविणारा देवाच्या मंदिरातील खांब होईल आणि त्याला पुन्हा कधी बाहेर जावे लागणार नाही, हे वचन अशा नगरातील श्रोत्यांना विशेष भिडले असेल. मंडळीची शक्ती थोडी आहे, तरी तिच्यापुढे कोणालाही बंद करता येणार नाही असे दार उघडले आहे, असे पत्र सांगते.

### लावदिकीया

लावदिकीया हे पेढ्यांचे आणि काळ्या लोकरीच्या व्यापाराचे केंद्र होते. जवळच प्रसिद्ध वैद्यकीय विद्यालयही होते. इ.स. ६० च्या भूकंपानंतर हे नगर रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. आपल्याला कशाचीही उणीव नाही, असे म्हणणाऱ्या या मंडळीला पत्रात दरिद्री, आंधळी आणि उघडी म्हटले आहे. सोने, वस्त्र आणि डोळ्यांचे अंजन विकत घेण्याचा सल्ला नगराच्या धंद्यांकडे बोट दाखवितो.

ही मंडळी उष्ण नाही आणि शीतही नाही, कोमट आहे, असा प्रसिद्ध दोष येथेच येतो. उष्ण म्हणजे उत्साही आणि शीत म्हणजे उदासीन, असा पारंपरिक अर्थ आहे. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी निराळा अर्थ सुचविला. जवळच्या हिरापलीचे गरम झरे औषधी होते आणि कलस्सैचे थंड पाणी तहान भागविणारे होते. लावदिकीयाला नळांवाटे येणारे पाणी मात्र कोणत्याच उपयोगाचे नव्हते. या अर्थाने उष्ण आणि शीत हे दोन्ही गुणच ठरतात आणि दोष निरुपयोगीपणाचा ठरतो.

दाराशी उभा राहून ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र याच पत्रात आहे. इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांच्या एकोणिसाव्या शतकातील चित्रामुळे ते जगभर पोचले. हे आवाहन अविश्वासूंना असल्याचे अनेकदा सांगितले जाते. मूळ संदर्भात मात्र ते मंडळीलाच आहे. मंडळीने ज्याला बाहेर ठेवले, तोच तिचे दार ठोठावीत आहे.

## अन्वयार्थाच्या परंपरा

सात ही बायबलमध्ये पूर्णतेची संख्या मानली जाते. योहानाने सात मंडळ्यांना लिहिले तरी तो सर्वांशी बोलतो, असे म्युरेटोरी यादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन लेखात म्हटले आहे. हा सार्वत्रिक अर्थ सर्वाधिक रूढ आहे. दुसऱ्या एका परंपरेनुसार सात मंडळ्या म्हणजे ख्रिस्ती इतिहासाची सात क्रमिक युगे होत. १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलमुळे हा अर्थ इंग्रजी वाचकांत पसरला. पत्रांत असा कालक्रम सांगितलेला नसल्याने बहुतेक अभ्यासक तो स्वीकारीत नाहीत. तिसरी, ऐतिहासिक पद्धत नगरांचे शिलालेख, नाणी व उत्खनने यांच्या आधारे पत्रांचा स्थानिक अर्थ शोधते.

स्मुर्णा व फिलदेल्फिया यांच्या पत्रांत काही यहुदी विरोधकांना उद्देशून 'सैतानाचे सभास्थान' असा कठोर शब्दप्रयोग आहे. पुढील काळात त्याचा उपयोग यहुदी समाजाच्या द्वेषासाठी करण्यात आला. योहान स्वतः यहुदी परंपरेतला होता आणि हा वाद त्या दोन नगरांतील स्थानिक कलह होता, हे लक्षात घेऊन आजचे टीकाकार या वचनांचा सरसकट अर्थ काढण्यापासून वाचकांना सावध करतात.

## मराठी भाषांतर आणि शब्दयोजना

मराठीतील नवा करार १८११ मध्ये सेरामपूर येथून विल्यम केरी यांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या मराठी कामात पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. त्यानंतर मुंबईत अमेरिकन मराठी मिशन आणि बायबल सोसायटी यांनी नवी भाषांतरे व संस्करणे काढली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या भाषांतरामुळे नवा करार आधुनिक मराठी वाचकांपर्यंत पोचला.

प्रॉटेस्टंट भाषांतरांत मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द रूढ झाला. ग्रीक शब्दाचा लौकिक अर्थ नगरातील नागरिकांची सभा असा होता. मराठीत 'मंडळी' म्हणजे एकत्र जमलेले लोक आणि घरची माणसेही. त्यामुळे सभेचा आणि कुटुंबाचा, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात येतात. इमारतीचा अर्थ त्यात नाही, हेही मूळाला धरून आहे. मराठी कॅथलिक लेखनात व्यापक अर्थाने 'ख्रिस्तसभा' हा शब्द वापरतात.

पत्रांतील मुख्य प्रतिमा दीपस्तंभाची आहे. सात मंडळ्या म्हणजे सोन्याचे सात दीपवृक्ष. मराठी भाषांतरात त्यांना 'समया' म्हटले आहे. समई देवघरातली आणि मंगलप्रसंगीची. ती सतत तेवत ठेवावी लागते, तेल घालावे लागते, वात सारावी लागते. समई जागेवरून काढण्याचा इशारा मराठी वाचकाला म्हणूनच स्पष्टीकरणाविना कळतो.

## मराठी मंडळ्यांच्या संदर्भात

### सहभाग आणि तडजोड

पर्गम व थुवतीरा येथील पेच महाराष्ट्रातील गावगाड्यात नव्या रूपात उभा राहिला. बलुतेदारांची कामे गावच्या सणांशी व ग्रामदैवताच्या विधींशी जोडलेली होती. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरात आणि अन्यत्र महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. विधींतील काम सोडले तर बलुते व गावातील स्थान जाण्याची भीती आणि न सोडले तर मंडळीत प्रश्न, अशी त्यांची कोंडी होती. थुवतीराच्या कारागिराचा प्रश्न अशा कुटुंबांना परका नव्हता.

प्रसाद घ्यावा की नाही, हा त्याच प्रश्नाचा घरगुती प्रकार होय. नव्या करारात याविषयी एकच सूर नाही. प्रकटीकरणाची भूमिका कडक आहे. पौल मात्र करिंथकरांस पहिल्या पत्रात बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खावे, असे सांगतो. मूर्तिपूजेच्या भोजनात भाग घेण्यास तो मनाई करतो आणि दुबळ्या बंधूच्या मनाची काळजी घेण्यास सांगतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत या दोन्ही वृत्ती आढळतात. शेजाऱ्याचा मान राखणे आणि आपली निष्ठा राखणे यांचा मेळ कोठे घालावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

निष्ठा राखणे म्हणजे संस्कृती टाकणे नव्हे, अशी धारणाही मराठी ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ओवी छंद स्वीकारला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग व कीर्तन आणले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

### संपन्नता आणि परावलंबन

लावदिकीयाचा दोष आत्मसंतुष्टतेचा होता. मिशनांच्या काळातील मराठी मंडळ्या श्रीमंत नव्हत्या. तरी शाळा, वसतिगृहे आणि पगार परदेशी निधीतून येत असल्याने उपासनेची जबाबदारी आपली नाही, अशी सवय जडण्याचा धोका होता. मंडळ्यांनी स्वावलंबी व्हावे, असा आग्रह मिशनऱ्यांनी आणि भारतीय पुढाऱ्यांनीही धरला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यामागे ख्रिस्ताचे अनुयायित्व परदेशी संस्थेच्या चौकटीबाहेर जगावे, ही इच्छा होती. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. विदेशी मिशनांनी आणलेले भेद ओलांडण्याचा हा भारतीय ख्रिस्ती समाजाचा महत्त्वाचा प्रयत्न होता.

### वाशीम जिल्हा

वाशीम हे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे प्राचीन राजधानीचे ठिकाण. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून तीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूर हे जैन तीर्थ आणि पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. अशा बहुधर्मी परिसरात येथील ख्रिस्ती मंडळ्या राहतात.

वऱ्हाडातील प्रॉटेस्टंट कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलांना आश्रय दिला. भुकेच्या पोटी झालेल्या धर्मांतराचा अर्थ काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. श्रद्धा टिकते की नाही हे मदत थांबल्यावर कळते, ही स्मुर्णाच्या पत्रातील कसोटी या संदर्भात आठवते; त्या पत्रात लाभाचे कोणतेही आमिष नाही.

वाशीम येथे प्रारंभी अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम होते. १९३० च्या दशकात ते चर्च ऑफ द नाझरीन या मंडळीकडे आले. या मंडळीचे भारतातील काम १८९८ पासून बुलढाणा येथे सुरू झाले होते. १९३८ मध्ये वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. त्याच्या उभारणीत डॉ. ऑर्फा स्पायकर यांचा पुढाकार होता. रुग्णालयाला जोडून परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोयही करण्यात आली.

मेथडिस्ट व नाझरीन या दोन्ही मंडळ्या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतील आहेत. वेस्ली यांनी १७५५ मध्ये संपूर्ण नव्या करारावर टिपा प्रसिद्ध केल्या. हृदयाची पवित्रता आणि शेजाऱ्याची सेवा या दोहोंवर या परंपरेचा भर आहे. इफिसची हरवलेली पहिली प्रीती, लावदिकीयाचा कोमटपणा आणि थुवतीराची वाढती सेवा या विषयांना तीत साहजिकच महत्त्व येते. वाशीममध्ये या सेवेला रुग्णालयाचे रूप मिळाले. रुग्णालयाच्या दारात येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा धर्म मंडळीच्या धर्माहून वेगळा असतो. पत्रांतील 'कृत्यां'चा अर्थ येथे उपासनेच्या सभागृहाबाहेर, शेजाऱ्यांच्या रोजच्या गरजेत शोधावा लागतो.

## पत्रांतून घेतले जाणारे बोध

ख्रिस्ती प्रवचनांत व अभ्यासवर्गांत या पत्रांतून साधारणपणे पुढील बोध घेतले जातात:

* शुद्ध मत प्रीतीची जागा घेऊ शकत नाही (इफिस).
* गरिबी आणि छळ ही देवाने टाकल्याची खूण नव्हे (स्मुर्णा).
* बाहेरच्या विरोधापेक्षा आतली तडजोड अधिक धोक्याची असू शकते (पर्गम).
* सेवा कितीही मोठी असली तरी चुकीच्या शिकवणुकीकडे डोळेझाक करता येत नाही (थुवतीरा).
* पूर्वपुण्याईवर मंडळी जगत नाही (सार्दीस).
* शक्ती थोडी असली तरी काम करण्याची संधी थोडी नसते (फिलदेल्फिया).
* आपल्याला काही कमी नाही, असे वाटणे ही सर्वांत मोठी उणीव होय (लावदिकीया).

हे दोष इतर मंडळ्यांवर लावणे सोपे असते. प्रत्येक पत्रातील ऐकण्याची सूचना मात्र सर्व मंडळ्यांना उद्देशून आहे. कोणत्याही मंडळीने स्वतःला केवळ फिलदेल्फिया आणि शेजारणीला लावदिकीया समजू नये, असा इशारा त्या अनेकवचनात असल्याचे टीकाकार सांगतात.

या सात नगरांपैकी बहुतेकांत आज ख्रिस्ती वस्ती नाममात्र आहे किंवा मुळीच नाही. गाळ साचून इफिसचे बंदर बुजले आणि ते नगर उजाड झाले. इझमीरमध्ये काही मंडळ्या टिकून आहेत. मोठ्या नगरांतील या मंडळ्यांचा लौकिक कालौघात गेला. त्यांना लिहिलेली पत्रे मात्र लहान गावांतील मंडळ्यांतून आजही वाचली जातात.

## हेही पाहा

* प्रकटीकरण
* नवा करार
* पंडिता रमाबाई
* नारायण वामन टिळक
* वाशीम जिल्हा